जमिनीची धूप, ऱ्हास आणि वाळवंटीकरण : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

धूप, ऱ्हास आणि वाळवंटीकरण ही एकाच गोष्टीची तीन नावं आहेत का?

नाही, पण बातम्यांमध्ये ती सर्रास एकमेकांच्या जागी वापरली जातात. धूप ही क्रिया आहे : माती जागेवरून सुटते, पाण्याबरोबर वाहते किंवा वाऱ्याबरोबर उडते आणि दुसरीकडे जाऊन पडते. ऱ्हास हा मोठा शब्द. त्याच्या पोटात धूप येते, जमीन खारवणं येतं, सेंद्रिय कर्ब घटणं, जड यंत्रांखाली माती दबून दगडासारखी होणं, आम्लता वाढणं, हे सगळंच येतं. आणि वाळवंटीकरण म्हणजे कोरड्या प्रदेशात होणारा ऱ्हास.

कोरडा प्रदेश कुठला, याचंही माप आहे. वर्षभरात पडणाऱ्या पावसाला, हवा जितकं पाणी शोषून नेऊ शकते त्या आकड्याने भागायचं. उत्तर ०.०५ ते ०.६५ च्या मध्ये आलं, तर ती जमीन १९९४ च्या संयुक्त राष्ट्रांच्या वाळवंटीकरणविरोधी कराराच्या कक्षेत येते. ०.०५ च्या खाली खरं वाळवंट, आणि ते या व्याख्येत बसतच नाही. म्हणजे सहाराच्या गाभ्याचं 'वाळवंटीकरण' झालेलं नाही. तो भाग आधीपासूनच वाळवंट आहे, आणि त्यात बिघडलेलं काही नाही.

सहारा दरवर्षी काही किलोमीटर दक्षिणेकडे सरकतोय, हे खरं ना?

सगळ्यात जास्त वेळा येणारा प्रश्न हाच. १९७५ मध्ये सुदानच्या एका पाहणीत असं मांडलं गेलं, की वाळवंटाची कड १७ वर्षांत ९० ते १०० किलोमीटर खाली आली. भागाकार करून वर्षाला साडेपाच किलोमीटर हा आकडा निघाला आणि पुढची कित्येक वर्षं भाषणांतून, अहवालांतून फिरत राहिला. नंतर स्वीडनच्या लुंड विद्यापीठातल्या भूगोलतज्ज्ञांनी त्याच भागाची उपग्रहचित्रं आणि जमिनीवरची परिस्थिती ताडून पाहिली, तेव्हा अशी एका दिशेने सरकणारी सीमा त्यांना सापडली नाही. हिरवळीची कड पाऊस चांगला झाला की वर जाते, दुष्काळात खाली येते. १९८० च्या दशकातल्या भीषण दुष्काळानंतर तर साहेलचा, म्हणजे सहाराच्या दक्षिणेला लागून असलेल्या कोरड्या पट्ट्याचा, बराच भाग पुन्हा हिरवा होताना दिसला.

याचा अर्थ तिथं सगळं आलबेल आहे, असा नाही. वाळवंट सैन्यासारखं रांगेत चालून येत नाही, एवढंच. अंगावर नायटा उठावा तसं ते उठतं : इथे एक चट्टा, तिथे एक चट्टा, आणि काही वर्षांनी ते एकमेकांना भिडतात. चट्टे उठतात कुठे? गावाभोवती, रस्त्याच्या कडेला, विहिरीभोवती. १९६८ ते १९७३ च्या साहेलच्या दुष्काळात नव्या कूपनलिकांभोवती हजारो गुरं गोळा झाली. पाणी होतं, पण काही कोस अंतरापर्यंत गवताची काडी उरली नाही. गुरं तहानेने नव्हे, भुकेने मेली.

'वाळवंट पुढे सरकतंय' हे चित्र मला चुकीचंच नाही तर घातक वाटतं, कारण त्यात दोषी बाहेरचा असतो. मग उपाय म्हणून भिंत सुचते.

माती जागेवरून नेमकी सुटते कशी?

सुरुवात वाहत्या पाण्याने होत नाही, पडत्या थेंबाने होते. पावसाचा मोठा थेंब, म्हणजे पाच-सहा मिलिमीटरचा, सेकंदाला सुमारे ९ मीटर वेगाने जमिनीवर आपटतो. ताशी तीस किलोमीटरच्या वर. जमीन उघडी असेल तर तिथे एक छोटा स्फोटच होतो. मातीचे कण हात-दीड हात वर उडतात आणि आजूबाजूला मीटर-दीड मीटरवर पडतात. पांढऱ्या भिंतीलगत उघडी माती असेल, तर पहिल्या जोरदार पावसानंतर भिंतीकडे बघा. गुडघ्यापर्यंत लाल-काळे ठिपके दिसतील. पाणी तिथवर चढलं नव्हतं, थेंबांनी उडवलेली माती चढली होती.

मग फुटलेल्या ढेकळांतली बारीक माती जमिनीच्या छिद्रांत जाऊन बसते. वर पापुद्रा धरतो, पाणी मुरायचं थांबतं आणि उताराने निघतं. आधी सगळ्या शेतावरून सारखा पातळ थर निघतो, साल काढल्यासारखा. ही धूप दिसत नाही, म्हणून सगळ्यात वाईट. मग ओघळ पडतात. नांगरटीत ते बुजतात, त्यामुळे तेही विसरले जातात. शेवटी घळ पडते, ती मात्र नांगराला ऐकत नाही. लोक फोटो घळीचे काढतात, पण नुकसान तोवर बरंचसं होऊन गेलेलं असतं.

वाऱ्याचं तंत्र वेगळं. वाळूचे मध्यम कण हवेत उंच जात नाहीत, ते टुणटुण उड्या मारत जातात. प्रत्येक उडीला खाली आपटून आणखी कण सुटे करतात. जाड कण नुसते घरंगळतात. सर्वांत बारीक धूळ मात्र वर चढते आणि दूर जाते. अन्नद्रव्यं आणि सेंद्रिय भाग त्या धुळीलाच चिकटलेले असतात. मागे उरते ती पिठातून चाळून काढलेल्या कोंड्यासारखी माती.

वर्षाला एखादा मिलिमीटर माती गेली तर एवढं काय?

हिशेब करू. एक हेक्टर म्हणजे १०,००० चौरस मीटर. त्यावरचा एक मिलिमीटरचा थर म्हणजे १० घनमीटर माती, वजनाने साधारण १३ टन. भरलेला दहा टनी ट्रक, आणि वर आणखी तीन टन. एवढी माती गेल्याचं शेतात उभं राहून डोळ्यांना कळत नाही.

दुसऱ्या बाजूला, खडकापासून एक सेंटिमीटर माती तयार व्हायला शंभर ते काही शे वर्षं लागतात. हवामान बदलावरच्या आंतरसरकारी समितीने २०१९ च्या जमीनविषयक अहवालात म्हटलं आहे की नेहमीच्या नांगरटीच्या शेतांतून माती बनण्याच्या वेगाच्या शंभर पटींहून जास्त वेगाने जाते. नांगरट न करणाऱ्या शेतांतही हा वेग १० ते २० पट असतो. म्हणजे चांगला शेतकरीही भांडवलातूनच खातोय, जरा बेताने एवढंच.

मग 'आता फक्त ६० पिकं उरली आहेत' हे खरं आहे?

नाही. या वाक्यामागे कुठलाही अभ्यास नाही. साधा विचार केला तरी ते टिकत नाही : काही जमिनींवर मातीचा थर वीतभर असतो, काहींवर पुरुषभर. काही झिजतायत, काही जागच्या जागी आहेत, काहींत भर पडतेय. सगळ्या जगाला एकच मुदत कशी लागू होईल?

भरवशाचे आकडे तसेही पुरेसे काळजी करायला लावणारे आहेत. जगाच्या अन्न व कृषी संघटनेच्या २०१५ च्या अहवालात फक्त पाण्याने होणारी धूप वर्षाला २० ते ३० अब्ज टन धरली आहे. बर्फाखाली नसलेल्या जमिनीपैकी सुमारे पाव हिस्सा माणसाच्या करणीने ऱ्हास पावलेला आहे, आणि जैवविविधतेवरच्या आंतरसरकारी मंचाच्या २०१८ च्या जमीन-ऱ्हासावरच्या अहवालानुसार याची झळ किमान ३२० कोटी लोकांना बसते. या संख्यांमध्ये अंदाजाचा भाग मोठा आहे. प्रत्येक शेतात कोणी तराजू घेऊन उभं नाही.

हे फक्त उष्ण, कोरड्या देशांत होतं का?

आइसलँड बघा. थंड आणि ओला देश. नवव्या शतकात तिथे वस्ती झाली तेव्हा बेटाचा पाव भाग तरी, काहींच्या मते त्याहून बराच जास्त, बर्चच्या झाडीखाली होता. झाडं सरपणाला आणि कोळशाला गेली, मेंढ्या आल्या. ज्वालामुखीच्या राखेची माती, पिठासारखी हलकी. वर गवताची जाळी होती तोवर ती टिकली. जाळी एका जागी फाटली की वारा तिथून आत शिरतो आणि कडा पोखरत जातो.

तिथल्या काही माळांवर आजही एकेकटे मातीचे उंचवटे उभे दिसतात. माणसाएवढे उंच, डोक्यावर हिरव्या गवताची टोपी, बाजूंनी उभे कापलेले, आणि चहूकडे नुसती काळी खडी. त्यांना तिथे रोफाबार्द म्हणतात. त्या टोपीच्या उंचीवर कधीकाळी सगळा माळ होता. १९०७ मध्ये या देशाने मृदसंधारणासाठी कायदा केला. त्यातून उभी राहिलेली संस्था जगातल्या सर्वांत जुन्या मृदसंधारण संस्थांपैकी एक होती; २०२४ मध्ये ती देशाच्या वनसंस्थेबरोबर एकत्र झाली.

अमेरिकेतली १९३० च्या दशकातली धुळीची वादळं दुष्काळामुळे आली ना?

दुष्काळ निमित्त झाला. कॅन्सस, ओक्लाहोमा, टेक्सासच्या त्या मैदानांवर दुष्काळ पूर्वीही पडत होते, पण तेव्हा खोल मुळांचं गवत जमीन धरून होतं. पहिल्या महायुद्धात गव्हाचा भाव चढला, ट्रॅक्टर आले, आणि लाखो एकर गवताळ जमीन उलटीपालटी झाली. पुढे भाव कोसळला तेव्हा तोटा भरून काढायला लोकांनी आणखी जमीन फोडली. पाऊस रुसला, पीक आलं नाही, आणि नांगरलेली जमीन तशीच उघडी पडून राहिली. १४ एप्रिल १९३५ चा रविवार भर दुपारी अंधारला. त्याच वसंत ऋतूत ह्यू हॅमंड बेनेट हे मृदातज्ज्ञ वॉशिंग्टनमध्ये कायद्यासाठी बाजू मांडत होते आणि मैदानांवरची धूळ राजधानीच्या आकाशात पोचत होती. याहून चांगला साक्षीदार कुठला मिळणार! २७ एप्रिलला मृदसंधारण कायदा झाला.

शिकले का सगळे? १९५४ पासून सोव्हिएत संघाने कझाकस्तानची गवताळ कुमारी जमीन गव्हासाठी फोडायला घेतली. पहिली काही वर्षं कोठारं भरली. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथेही धूळ उठली.

कोरड्या जमिनीला पाणी दिलं की प्रश्न सुटतो का?

कधी कधी नवा प्रश्न सुरू होतो. नदीच्या गोड पाण्यातही थोडं मीठ असतं. लिटरला अर्धा ग्रॅम धरा, जिभेला कळणारही नाही. एका हेक्टरला वर्षभरात मीटरभर उंचीचं पाणी दिलं तर ते १०,००० घनमीटर होतं, आणि त्याबरोबर ५ टन मीठ शेतात येतं. पाणी उडून जातं, मीठ कुठे जाणार? निचरा नसेल तर ते मुळांशी साचतं. भूजल वर चढलं तर खालचं जुनं मीठही वर येतं आणि जमिनीवर पांढरी खपली धरते. मेसोपोटेमियातल्या मातीच्या पाट्यांवर गव्हाच्या नोंदी कमी होत जातात आणि खारटपणा सोसणारा जव वाढत जातो. कारणांवर अभ्यासकांत वाद आहे, पण खारवलेली जमीन हे त्यातलं एक मुख्य कारण मानलं जातं.

ऑस्ट्रेलियाच्या पश्चिमेला पाणी न देताच जमीन खारवली. खोल मुळांची निलगिरीची झाडं तोडून उथळ मुळांचा गहू पेरला. झाडं जे पाणी उपसत होती ते आता खाली मुरू लागलं, भूजल वर आलं, आणि मीठही.

आणि अरल समुद्र. १९६० मध्ये तो सुमारे ६८,००० चौरस किलोमीटरचा, क्षेत्रफळाने जगातला चौथा मोठा तलाव होता. अमू दर्या आणि सिर दर्या या नद्यांचं पाणी कापसाकडे वळवलं. आज मूळ क्षेत्राचा दहावा हिस्साही उरलेला नाही. उघड्या पडलेल्या तळाला अरलकुम असं नवं नाव मिळालंय, आणि तिथून उडणाऱ्या धुळीत मीठ असतं, शेतांतून वाहून आलेल्या कीटकनाशकांचे अंश असतात. उत्तरेचा छोटा तुकडा मात्र २००५ मध्ये पूर्ण झालेल्या कोक-अरल धरणाने वाचला. पातळी वाढली, खारटपणा उतरला, मासेमारी परत सुरू झाली.

शेळ्या-मेंढ्याच जमिनीचा सत्यानाश करतात, असं म्हणतात.

फिरस्ता धनगर चट्टे पाडत नाही, त्याला थांबवलं की पडतात. कळप आज इथे, महिन्याने तिकडे, ही पद्धत कोरड्या प्रदेशाला चांगली मानवते. कुंपणं, सरहद्दी, सक्तीने केलेल्या वसाहती आल्या की तेच प्राणी एकाच जागी चरत राहतात. शेळी बहुतेक वेळा शेवटी येते, बाकी सगळं संपल्यावर जे उरतं ते खाणारी तीच एक. दोष तिच्या माथी मारणं सोपं असतं.

झाडं लावली की झालं, नाही का?

हा प्रश्न विचारणाऱ्यांचा हेतू चांगला असतो, म्हणून सविस्तर सांगतो.

झाड पाणी पितं. चीनच्या लोएस पठारावर हे समोर आलं. सुमारे ६.४ लाख चौरस किलोमीटरचं, वाऱ्याने आणून टाकलेल्या पिवळ्या मातीचं हे पठार. काही ठिकाणी थर शंभर मीटरहून जाड. पीत नदीला तिचं नाव याच मातीमुळे मिळालं, आणि एकेकाळी ती वर्षाला सरासरी १.६ अब्ज टन गाळ वाहून नेत असे. तिथे उतारांवर पायऱ्यांची शेतं काढली, घळींत मातीचे बांध घालून मागे साचलेल्या गाळावर शेती सुरू केली, मोकाट चराई बंद केली, आणि १९९९ पासून तीव्र उतारावरची शेती सोडणाऱ्यांना धान्य आणि पैसे दिले. गाळ एवढा घटला की अलीकडे तो जुन्या सरासरीच्या पावपटीहूनही कमी असतो. हे मोठं यश. पण पाऊस तोकडा असलेल्या पट्ट्यांत लावलेली झाडं खुजी राहिली, खोलवरचा ओलावा आटला, आणि नव्या लागवडीला तिथे मर्यादा आहे असं संशोधकांनीच बजावलं. जिथे गवत शोभतं तिथे गवतच हवं.

दुसरी गोष्ट आफ्रिकेची. २००७ मध्ये आफ्रिकी संघाने 'हरित महाभिंत' मनावर घेतली : अटलांटिकपासून तांबड्या समुद्रापर्यंत ८,००० किलोमीटर. सुरुवातीला लोकांच्या डोळ्यांसमोर खरोखरच झाडांची भिंत होती. हळूहळू ती कल्पना मागे पडली आणि शेतं, कुरणं, झाडी यांची गोधडी असं तिचं रूप झालं. तेच बरोबर आहे.

तिसरी गोष्ट माझ्या सर्वांत आवडीची. नायजर देशाच्या मराडी भागात १९८० च्या दशकात टोनी रिनाउडो हे ऑस्ट्रेलियन कृषितज्ज्ञ रोपं लावत होते आणि रोपं मरत होती. एकदा माळावरची खुरटी झुडपं वाकून नीट बघितली तेव्हा त्यांच्या लक्षात आलं, की ही झुडपं नाहीत. ही तोडलेल्या झाडांच्या बुंध्यांना फुटलेली धुमारं आहेत. जमिनीखाली जिवंत मुळांचं जंगलच होतं. रोप नको, खड्डा नको, पाणी नको. बुंध्याच्या धुमाऱ्यांतली चार-पाच सरळ ठेवायची, बाकी छाटायची आणि राखायची. पुढच्या दोन-अडीच दशकांत नायजरमध्ये सुमारे ५० लाख हेक्टरवर अशी झाडं उभी राहिली. त्यात कायद्याचा वाटाही होता. वसाहतकाळापासून झाडाची मालकी सरकारची, त्यामुळे शेतातलं झाड शेतकऱ्याला डोकेदुखीच वाटे. ते आपलं आहे अशी खात्री वाटू लागली तेव्हा त्याने कोयता बेताने चालवला.

अगदी दगडासारखी झालेली जमीन परत येते का?

येते, मेहनतीने. बुर्किना फासोचे शेतकरी याकूबा सावादोगो यांनी १९८० च्या सुमारास 'झाई' ही जुनी पद्धत सुधारून वापरली. उन्हाळ्यातच टणक जमिनीत वीतभर रुंद, वीतभर खोल खड्डे पाडायचे आणि प्रत्येकात मूठ-दोन मुठी शेणखत टाकायचं. खताच्या वासाने वाळवी येते आणि खालची जमीन पोखरते. पहिला पाऊस पडला की पाणी खड्ड्यात साठतं आणि वाळवीच्या बोगद्यांतून मुरतं. ज्वारी-बाजरीचं बी तिथेच पेरायचं. शेणात आलेल्या बियांची झाडंही उगवतात, ती ठेवायची. लोकांनी आधी त्यांना वेड्यात काढलं. २०१८ मध्ये स्वीडनचा राइट लाइव्हलीहूड पुरस्कार सावादोगो आणि रिनाउडो या दोघांनाही मिळाला. सावादोगो २०२३ मध्ये वारले.

उडती वाळू थांबवता येते?

चीनमध्ये तेंग्गेर वाळवंटाच्या कडेला शापोतौ इथे रेल्वेमार्ग वाळूखाली जाऊ नये म्हणून १९५० च्या दशकात एक साधी युक्ती निघाली. वाळूवर गव्हाचा पेंढा मीटर-मीटरच्या चौकटींत पसरायचा आणि बोथट फावड्याने मधोमध दाबून अर्धा आत रोवायचा. वर वीतभर पेंढा उभा राहतो. बुद्धिबळाचा पट पसरल्यासारखा डोंगर दिसतो. चौकटीत वारा मंदावतो, वाळू बसते, काही वर्षांनी वर शेवाळाची पातळ साय धरते. मग तिथे झुडपं लावता येतात.

वाहून गेलेली माती वायाच जाते का?

तिच्या मूळ जागेपुरती, हो. एरवी ती कुठे तरी बसतेच : धरणात बसली तर साठवण खाते, त्रिभुज प्रदेशात बसली तर सुपीक जमीन घडवते. चाडमधल्या बोदेले या आटलेल्या तलावाची धूळ अटलांटिक ओलांडून ॲमेझॉनच्या जंगलावर पडते. नासाच्या २०१५ च्या अंदाजाने आफ्रिकेतून अशा धुळीबरोबर वर्षाला सुमारे २२,००० टन फॉस्फरस तिथे पोचतो. निसर्गातली सगळीच धूप वाईट नसते.

आंतरराष्ट्रीय करारांचा काही उपयोग?

थोडा. १९७७ ची नैरोबी परिषद, १७ जून १९९४ चा करार (म्हणून १७ जून हा त्याचा दिवस), २०३० पर्यंत 'जेवढी जमीन बिघडेल तेवढी सुधारायची' हे लक्ष्य. व्याख्या आणि मोजमाप यांतून एकसारखं झालं, हे खरं. पण न पाळणाऱ्याला काही होत नाही. डिसेंबर २०२४ मध्ये रियाधला दुष्काळावर बंधनकारक मसुदा व्हावा असा आग्रह होता. देश पांगले ते निर्णयाविना.

माझ्या जमिनीची धूप होतेय, हे कसं ओळखू?

पावसानंतर वाकून बघा. बारीक खडे मातीच्या इवल्या खांबांवर बसलेले दिसले, तर खड्याखालची माती राहिली आणि आजूबाजूची गेली. खांबाची उंची म्हणजे त्या पावसांत गेलेला थर. झाडाची मुळं उघडी पडली आहेत का, उताराच्या माथ्याची माती पायथ्यापेक्षा फिकट दिसते का, बांधाच्या वरच्या अंगाला गाळ साचलाय का, तेही बघा.

आणि एक प्रयोग. दोन ढेकळं घ्या, सुपारीएवढी : एक वर्षानुवर्षं नांगरलेल्या वावरातलं, एक बांधावरच्या गवताखालचं. दोन्ही पूर्ण वाळू द्या. मग पाण्याने भरलेल्या दोन काचेच्या पेल्यांत जाळीवर अलगद सोडा. वावरातलं ढेकूळ बहुधा बुडबुडे सोडत पाच मिनिटांत विरघळतं, पाणी चहासारखं होतं. गवताखालचं तसंच बसून राहतं, केसासारखी मुळं बाहेर काढून, आणि पेल्यातून पलीकडचं स्वच्छ दिसतं.